पेन्सिलीने भरावे

४ जून

मावशी,

नमस्कार आधी, रडगाणं मागाहून. फोनच केला असता, पण गेल्या वेळी मी 'बढती' म्हटलं ते तुला 'गळती' ऐकू आलं आणि तू मला प्लंबरचा नंबर दिलास. तेव्हा पत्रच बरं. आणि तसं बघायला गेलं तर तू बरोबरच ऐकलं होतंस, कारण बढतीबरोबर माझ्या गळ्यात गळतीच पडली.

झालं असं. वॉर्डातून उचलून मला हॉस्पिटलच्या प्रशिक्षण विभागात बसवलं, आणि संचालकांनी पहिलंच काम दिलं की सर्जरी वॉर्डातून दोन वर्षांत अकरा नर्सेस नोकरी सोडून गेल्या, का ते शोधा आणि आकड्यांत सांगा. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. कामात इतकी चोख की बोट ठेवायला जागा नाही, पण हाताखालच्या पोरींना सळो की पळो करून सोडते. एप्रनच्या खिशात सहा इंची पट्टी असते. चादरीची दुमड चार बोटं हवी, म्हणजे तीन इंच, आणि ती पट्टी लावून बघते. पाव इंच चुकलं की पेशंटच्या नातेवाइकांसमोर सगळी चादर उपसते. पोरी तिला 'पट्टी'च म्हणतात.

त्यातली सगळ्यात नवी जी आहे, तिला आवाजामुळे सगळे चिमणी म्हणतात. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आहे. ३१ जुलैला मुदत संपते, आणि इन्चार्जने तिच्या फायलीत आत्ताच 'कामास अयोग्य' असा शेरा मारून ठेवलाय. मावशी, ह्या पोरीचा हात इतका हलका आहे की शिरेत सुई गेलेली पेशंटला कळत नाही. घर तिच्या एकटीवर चालतं.

मी फॉर्म काढला. एकच सरळ प्रश्न, 'गेल्या सहा महिन्यांत कामाच्या जागी तुमचा छळ झाला आहे का?' होय किंवा नाही. खाली मोठ्या अक्षरांत, 'नाव लिहू नये.' अडतीस फॉर्म वाटले, अडतीस परत आले. अडतीसच्या अडतीस 'नाही'. आणि प्रत्येकीने 'नाव लिहू नये'च्या बरोब्बर खाली नाव, सही, तारीख आणि वेळ घातलेली. एकीने तर हुद्दासुद्धा. चिमणीचा फॉर्म म्हणतो, 'नाही', सही, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्याच दुपारी पावणेदोनला मी तिला चादरींच्या खोलीत कपाटाकडे तोंड करून रडताना पाहिलं होतं.

बैठकीत मेट्रनबाईंनी तो गठ्ठा सगळ्यांना दाखवला. 'बघा, सगळं गुण्यागोविंदाने चाललंय. शून्य.' संचालकांनी मला ३१ जुलैच्या बैठकीपर्यंत मुदत दिली, तीही तोंड वाकडं करून. त्याच बैठकीत चिमणीची फाईल निघणार. तू पंधरा वर्षं इन्चार्ज होतीस, तुझ्या वॉर्डातल्या पोरी तुला आईसारखं मानायच्या. तूच सांग, माझं काय चुकलं?

तुझी ठकी


१२ जून

ठके,

काय चुकलं विचारतेस, तर काय चुकलं नाही ते सांगणं सोपं जाईल.

आधी तुझाच राग आला. हल्लीच्या पोरींना जरा बोललेलं खपत नाही. चादर चुकली तर चुकली म्हणायचं नाही का? सुरकुती राहिली की झोपून असलेल्या माणसाच्या पाठीला जखम होते, हे तुलाही शिकवलंय. पट्टीचं एवढं मनावर घेऊ नकोस, शिस्तीला काहीतरी माप लागतंच. असं सगळं मी चार पानं लिहिलं आणि सकाळी फाडून टाकलं. का ते विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. ताप बघताना तू पेशंटला विचारतेस का, बाबा रे, तुला ताप आहे का? विचारलंस तर घरी जायला उतावीळ झालेला नाही म्हणेल आणि रजा हवी असलेला हो म्हणेल. तू थर्मामीटर लावतेस. मग इथेच का विचारत बसलीस? आणि शब्द तरी कुठला निवडलास, छळ. अगं, छळ हा नाटकातला आणि पोलिस चौकीतला शब्द आहे. अंगावर वळ उठल्याशिवाय बाईच्या तोंडून तो निघत नाही. आमच्या कामात त्याला 'वळण लावणं' म्हणतात. जिला लावलं जातं तीसुद्धा वळणच म्हणते, म्हणून तुला शून्य आलं. त्या पोरी खोटं बोलल्या नाहीत.

तेव्हा तो शब्द टाक आणि काय काय घडतं ते विचार. वीस कलमांची यादी वेगळ्या कागदावर जोडलीय. ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पाठ फिरवून भरभर सांगणं, म्हणजे तिला नीट ऐकू येऊ नये आणि पुढे चूक तिचीच व्हावी. सगळ्यांना चहाला बोलावून तिला तेवढं वॉर्डात ठेवणं. रजेचा अर्ज 'बघते' म्हणून ड्रॉवरमध्ये टाकणं आणि विसरणं, म्हणजे विसरल्याचं दाखवणं. नाव माहीत असून 'ए नवीन' म्हणणं. तिने घातलेली चादर लोकांसमोर उपसणं. आज झालं की नाही, एवढंच विचार.

सह्यांचं वाचून हसता हसता माझा चष्मा खाली पडला. नर्सच्या हातात कागद दिला की ती सही करणारच. सही नाही ते काम झालंच नाही, हे तिच्या हाडात मुरलंय, तुझ्या मोठ्या अक्षरांनी हाड बदलत नाही. उपाय सोपा आहे. पेन देऊच नकोस, पेन्सिल दे. पेन्सिलीची नोंद ही नोंद नव्हे, हेही हाडातच असतं. नर्स पेन्सिलीने सही करत नाही.

गुडघा ठीक. कान तसेच.

मावशी


२८ जून

मावशी,

तुझ्या हाडांच्या शास्त्राला दंडवत. फॉर्मवर आता एकच सूचना आहे, 'पेन्सिलीने भरावे.' अडतीस पेन्सिली आणल्या, मुद्दाम बुटक्या, कानामागे खोचता येतील अशा. पहिल्या आठवड्याचे अडतीस कागद आले आणि सही एकावरही नाही.

कागद मी तापाच्या तक्त्यासारखा आखलाय, दोन-तीन कोरे तुला बघायला सोबत जोडलेत. डावीकडे तुझी वीस कलमं, वर सात वार. घडलं की त्या चौकटीत टिंब द्यायचं. पोरी रोज तापाचे तक्ते भरतात, त्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही. आठवडा संपला की कागद चादरींच्या खोलीतल्या पेटीत टाकायचा. पेटी म्हणजे सलाइनचं रिकामं खोकं, त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. असे चार आठवडे चालवणार आहे. पहिल्या आठवड्याची टिंबं किती झाली असतील? चारशे बारा. ह्याच पोरींकडून मला शून्य मिळालं होतं. एका कागदावरची टिंबं इतकी फिकट आहेत की भिंगातून बघावी लागली. कुणाचा असेल ते मला ठाऊक आहे, पण मी ठाऊक नसल्यासारखं करते.

एक विचारायचं होतं. तुझं सतरावं कलम, 'चूक दिसली तरी लगेच न बोलता चार जणी जमेपर्यंत थांबणं.' ते वाचून एक जुनी नर्स स्टुलावर बसलीच. म्हणाली, अगं बाई, रोज असंच होतं, पण हे असं आहे हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मावशी, तुला हे इतकं बारकाईने कसं ठाऊक? तुझ्या वॉर्डात तर असलं काही नव्हतं. कुणी सांगितलं तुला?

इन्चार्जशीही बोलले. ती अगदी शांतपणे म्हणाली, 'मला जिने घडवलं ती माझ्याहून कडक होती. फुटपट्टी म्हणायचो आम्ही तिला. सांगायची, चादर वाकडी तिची नजर वाकडी. ती नसती तर मी आज कुणीच नसते.' मला हसू आलं, म्हणजे पट्टीची आई फुटपट्टी. ती मात्र हसली नाही.

चिमणीने काल राजीनामा लिहून माझ्या हातात दिला. शेऱ्याने जाण्यापेक्षा आपण होऊन गेलेलं बरं, असं म्हणते. ३१ जुलैपर्यंत तो माझ्या खिशात राहील असं तिला सांगितलंय. त्यानंतर मात्र मला तो पुढे द्यावाच लागेल.

तुझी ठकी


१४ जुलै

मावशी,

सोळा दिवस झाले, तुझं पत्र नाही. तुझ्या शेजारच्या काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या तू ठणठणीत आहेस, नुसती गॅलरीत बसून असतेस. 'कुणी सांगितलं' असं मी विचारलं, ते तुला उलटतपासणीसारखं लागलं का? तुझ्या वॉर्डाला नावं ठेवायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

इकडे एक गोष्ट सापडली. सगळी टिंबं वारांनुसार मोजली, तर दर मंगळवारी ताप चढतो. मंगळवार हा मेट्रनबाईंच्या राउंडचा दिवस. त्या वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून इन्चार्जला झाडतात, आणि अर्ध्या तासात ते सगळं खाली पोरींवर उतरतं. पाणी उताराकडेच जातं.

पण हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? मेट्रनबाईंना कागदांचा सुगावा लागलाय. परवा जिन्यात गाठून म्हणाल्या, 'पेन्सिलीची निनावी टिंबं म्हणजे पुरावा नव्हे. कुणी खोडली, कुणी वाढवली, कसं कळणार?' आपलं हाडांचं शास्त्र आपल्यावरच उलटलं बघ. एकीने तरी शाईने लिहून खाली सही केली तर त्यांचं तोंड बंद होईल. पण ते मी कुणाकडे मागू? सही करील तिची नोकरी जाईल.

चार ओळी तरी लिही.

तुझी ठकी


२० जुलै

ठके,

तुझ्या प्रश्नाचा राग आला म्हणून गप्प नव्हते. उत्तर ठाऊक होतं म्हणून गप्प होते.

ती यादी मला कुणी सांगितली नाही. ती मी स्वतः केलेल्या गोष्टींची यादी आहे. फुटपट्टी मीच.

'चादर वाकडी तिची नजर वाकडी' हे तुझ्या पत्रात वाचलं आणि हातातला चहा तसाच निवला. हे मी रोज म्हणायचे, आणि म्हणताना मला माझंच कौतुक वाटायचं. पोरी मला आईसारखं मानायच्या असं तुला सांगत आले, ते मला खरंच वाटत होतं. मी आले की त्या उठून उभ्या राहायच्या. भीतीनेही माणूस उठतो आणि मानानेही उठतो, इन्चार्जच्या खुर्चीतून त्यातला फरक दिसत नाही. मी तो बघायचा प्रयत्नही केला नाही.

तुझी इन्चार्ज मला आठवते, माझ्या हाताखालून तुमच्या हॉस्पिटलात गेलेली ती एकटीच. बारीक वेणीची, सगळ्यांत हुशार, म्हणून तिच्यावर माझा डोळा जास्त. एकदा तिच्याकडून मी एकच चादर अकरा वेळा घालून घेतली. भेटायच्या वेळेत, लोक बघत असताना, पाव इंचासाठी. मी पट्टी धरून उभी. शेवटी बरोबर आली तेव्हा म्हटलं, बघ, जमतं की नाही? तर ती म्हणाली, 'थँक्यू सिस्टर.' तो दिवस मी इतकी वर्षं माझ्या चांगल्या कामात धरत आले, ठके. ह्याची लाज वाटते.

माझ्यावरही हेच झालं होतं असं सांगून मी सुटका करून घेणार नाही. झालं होतं, पण पट्टी मला कुणी दिली नव्हती. ती मी स्वतः दुकानात जाऊन आणली.

तुझ्या फॉर्मला आणखी एक रकाना हवा. 'माझ्यावर झालं'च्या शेजारी 'मी केलं'. त्याशिवाय तुझं माप अर्धंच. माझा भरलेला कागद सोबत आहे. वार आठवत नाहीत म्हणून वर्षं घातलीत. पेनाने भरलाय, खाली नाव, सही, तारीख, वेळ. माझी नोकरी आता कुणी घेऊ शकत नाही. तेव्हा बैठकीत वाच, आणि चार जणी जमेपर्यंत थांब, सतराव्या कलमात लिहिलंय तसं.

तिलाही वेगळं पत्र टाकलंय. माझ्या कागदाची प्रत आणि एक कोरा फॉर्म त्यात घातलाय. माफी मागितली. ती काय करील ते तिच्यावर.

चिमणीचा राजीनामा खिशातून बाहेर काढू नकोस.

मावशी


१ ऑगस्ट

मावशी,

जिंकलो. आता सविस्तर सांगते, पाणी घेऊन बस.

आधी एक कबुली. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. माझी मावशी आणि ती फुटपट्टी एकाच एप्रनमध्ये बसेनात. तिसऱ्या दिवशी तुझा भरलेला कागद नीट वाचला. एकही कलम तू सोडलेलं नाहीस, चहाचंसुद्धा. असला कागद भरायला काय लागत असेल ह्याचा विचार केला आणि राग गेला.

तर काल बैठक. एकशे बावन्नपैकी एकशे एकोणपन्नास कागद आले. दोन रजेवर गेलेल्या एकीचे राहिले आणि एक एप्रनबरोबर धुलाईला जाऊन लगदा होऊन आला. एकही कोरा नव्हता. सगळी टिंबं मिळून मी एकच मोठा तापाचा तक्ता काढला आणि भिंतीवर लावला. चार मंगळवार, चार सुळके. संचालक मूळचे डॉक्टर, त्यांनी चष्मा चढवला आणि विचारलं, 'हा पेशंट कोण?' मी म्हटलं, 'सर्जरी वॉर्ड, सर.'

मेट्रनबाई तयारच होत्या. 'पेन्सिल आहे ही. रबर आणा, मी आत्ता शून्य करून दाखवते.' दोघंतिघं हसले. मग मी तुझा कागद काढला आणि वाचायला लागले. वीसही कलमं वाचली, शेवटी तुझं नाव आणि वेळ. पण मेट्रनबाई पक्क्या. म्हणाल्या, 'दुसऱ्या हॉस्पिटलातल्या निवृत्त बाईचा आमच्या वॉर्डाशी संबंध काय?' आणि मावशी, तिथे मी अडकले. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

तेव्हा चिमणीच्या फायलीसाठी आलेली इन्चार्ज उठली. 'संबंध मी आहे,' म्हणाली.

खिशातून तिने घडी केलेला कागद काढला. आपलाच फॉर्म, तू हाताने आखलेल्या रकान्यासकट. निळ्या शाईने भरलेला, खाली नाव, सही, तारीख, वेळ. टेबलावर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून सवयीने वर पट्टी ठेवली. म्हणाली, 'माझ्यावर झालं, ह्यात चार मंगळवार आहेत. मी केलं, ह्यात सगळे वार आहेत. भिंतीवरच्या पोरींच्या टिंबांशी मी माझी ताडून पाहिली. त्यांनी कमीच दिलीत.' मेट्रनबाईंनी ग्लास उचलला आणि पाणी प्यायल्या. ग्लास रिकामा होता, तरी प्यायल्या.

'आणि त्या मुलीच्या फायलीतला शेरा मी मागे घेते,' इन्चार्ज म्हणाली. 'वॉर्डात तिच्याइतका चांगला हात दुसरा नाही, म्हणून मी तिच्यामागे जास्त लागले. मला तेवढंच शिकवलं होतं.'

संचालकांनी चिमणीला तिथल्या तिथे कायम केलं. आपला तक्ता आता दर महिन्याला सगळ्या वॉर्डांत फिरणार. ड्यूटी बदलताना माहिती समोरासमोर, पेशंटच्या खाटेशी उभं राहून द्यायची. राउंडला कुणालाही वॉर्डाच्या मधोमध झाडायचं नाही, आणि मेट्रनबाईंनी दर गुरुवारी प्रशिक्षणाला बसायचं. म्हणजे माझ्या वर्गात. मी त्यांना 'ए नवीन' म्हणणार नाही, शब्द देते.

चिमणीला राजीनामा परत दिला. तिने तो उलटसुलट बघितला, म्हणाली, 'पाठकोरा आहे, फुकट कशाला घालवायचा,' आणि मागच्या बाजूला दुपारच्या कामांची यादी लिहायला लागली. पेनाने. आज सकाळी वॉर्डात डोकावले तर इन्चार्ज आणि ती, दोघी दोन बाजूंना उभ्या राहून खाट घालत होत्या. पट्टी कुठे दिसली नाही. दुमड मात्र चार बोटंच होती.

तुझी ठकी


९ ऑगस्ट

ठके,

पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा शेजारच्या काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. रिकाम्या ग्लासाचं काकूंनी पुन्हा वाचायला लावलं. मला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं, एवढं लिहून ठेवते. तू माझी भाची आहेस हे मी आज भाजीवाल्यालाही सांगितलं, त्याने विचारलं नव्हतं.

काल तुझ्या इन्चार्जचंही पत्र आलं. माफीबद्दल त्यात एक अक्षर नाही. माझ्या कागदाची प्रत तिने परत पाठवलीय, आणि चादरीच्या कलमाशी, जिथे मी 'एकीला अकरा वेळा' लिहिलंय, तिथे एक गोल काढलाय. समासात लिहिलंय, 'अकरा नाही, सिस्टर. तेरा. मी मोजत होते.'

तो गोल मी किती वेळ बघत बसले. पट्टी माझ्या हातात होती, पण मोजत होती ती. तुला वाटतं मोजमाप तू जूनमध्ये सुरू केलंस. अगं, त्या सगळ्या पोरींच्या डोक्यात तो तक्ता आधीपासून भरत होता. विचारलं नव्हतं कुणी, इतकंच. तू विचारलंस आणि वर पेन्सिल दिलीस.

नोंद चुकली की काय करायचं, ते तुला सांगायला नको. खोडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची. मी अकरावर रेघ मारली. तेरा लिहिलं. सही, तारीख, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं.

पत्राच्या शेवटी तिने विचारलंय, 'पुढच्या महिन्यात दोन दिवस रजा आहे. आले तर चालेल का?' दुरुस्त केलेला कागद आजच्या टपालाने तिला पाठवतेय, आणि त्याच्याच खाली उत्तर लिहिलंय. ये. खाट मी घालून ठेवते, दुमड तू मोज.

मावशी